बाहेर बसलेली

गोठ्याला लागून असलेल्या पडवीत अंजू पोतं अंथरून बसली होती. पुढ्यात जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, ताट होतं, त्यात ज्वारीची भाकर आणि वांग्याची भाजी. बाहेर बसलेल्या बाईला घरातलं ताट चालत नाही, म्हणून हे ताट पडवीतच खुंटीला लटकलेलं असायचं. सासूनं, म्हणजे विजयमालाबाईंनी, भाकर वरूनच टाकली होती आणि पदर सावरत त्या परत ओट्याकडे गेल्या होत्या. ओट्यावर अडीच वर्षांच्या सोनूनं आईकडे जायचं म्हणून भोकाड पसरलं होतं आणि सात वर्षांची अर्पिता तिला कमरेला धरून मागे ओढत होती.

"आई बाहेर हाय ना वं सोनू! शिवली तं आजी थंडं पानी टाकते अंगावर!"

अंजूनं मान खाली घालून भाकर मोडली. लेकीकडे पाहिलं असतं तर घास उतरला नसता.

खरं म्हणजे तिला पाळी आलेलीच नव्हती. उन्हाळ्यापासूनच आली नव्हती. तरीही दर महिन्याला ती न चुकता इथे येऊन बसत होती, फडकी भिजवून काट्यांच्या कुंपणावर वाळत घालत होती आणि पाचव्या दिवशी डोक्यावरून न्हाऊन घरात जात होती. हे नाटक तिला करावं लागलं ते एका इंजेक्शनपायी.

सोनूच्या वेळी यवतमाळच्या दवाखान्यात तिचं रक्त थांबता थांबेना. बाटल्यांवर बाटल्या लावल्या तेव्हा कुठे जीव राहिला. डॉक्टरीणबाईंनी नवऱ्याला, राजदीपला, व्हरांड्यात बोलावून स्पष्ट सांगितलं होतं, की पुन्हा दिवस जाऊ देऊ नका, पुढच्या वेळी आम्ही काही करू शकणार नाही. राजदीपनं मान हलवली. घरी येऊन आईला सांगितलं, "अशक्तपना हाय मने." उरलेलं त्यानं गिळून टाकलं. अंजूनं मग स्वतःच सासूला सगळं सांगून पाहिलं, तर विजयमालाबाई म्हणाल्या, "डॉक्टरलोक घाबरवतेतच. मले नाही का पाच झाले? घराले एक पोरगा तं पाहिजे."

गावची आशाताई, म्हणजे सरकारी आरोग्यसेविका, होती पलीकडच्या तांड्यावरची बबिता. तिनंच मग निंबाखाली उभं राहून हळूच सांगितलं होतं, "इंजेक्शन घ्या ताई. तीन महिने निर्धास्त. घरी कोनाले पता बी लागत नाही."

हे एक मात्र बबिताचं चुकलं. इंजेक्शननं पाळी थांबते, आणि ज्या घरात बाई दर महिन्याला गोठ्याशेजारी जाऊन बसते तिथे ते बैलांनासुद्धा समजतं. पहिल्या महिन्यात अंजू बाहेर बसली नाही, तशा विजयमालाबाई तिच्याकडे निरखून पाहू लागल्या. दुसऱ्या महिन्यात तर त्यांच्या तोंडावरचं हसू मावेना. डिंक आला, खोबरं आलं, लाडू वळले गेले. सासऱ्यांनी, मारोतरावांनी, जन्मात पहिल्यांदा सुनेच्या हातची पाण्याची घागर खाली उतरवून ठेवली. "आता जड उचलू नको वं पोरी," म्हणाले. अंजू मनात महिने मोजू लागली. दिवस जात गेले आणि पोट वाढलं नाही, तर काय सांगायचं? एक दिवस सकाळी उठून ती मुकाट्यानं पडवीत जाऊन बसली. विजयमालाबाई ओट्यावरून बघत राहिल्या आणि मग पदरात तोंड खुपसून रडल्या. त्या दिवसापासून हे बाहेर बसणं चालू होतं.

जेवण झालं तशी बबिता कुंपणाच्या बाजूनं गेली. इकडेतिकडे पाहून ती थबकली.

"अंजूताई, यावेळेस इंजेक्शन आलंच नाही वरून."

"म्हंजे? माह्यी तारीख तं याच हप्त्यात हाय ना!"

"मले काय माहीत नाही का? तीन डाव इचारलं उपकेंद्रातल्या मॅडमले. येईन तवा येईन मनते."

"मेडिकलमंधी?"

"मेडिकलवाला मनते डॉक्टरची चिठ्ठी आना. डॉक्टर मनते नवऱ्याले आना."

"अन् गोळ्या?"

"तुमचं बीपी वाढते. गोळ्या नको मने मॅडम. तांबीनं अजून रक्त जाईन." बबितानं कुंपणाचा काटा मोडून हातात फिरवला. "राजदीपभाऊ ते निरोध..."

अंजू नुसती हसली. ते पाकीट तिनं एकदा उशाशी ठेवून पाहिलं होतं. राजदीपनं ते हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि म्हणाला, हे असलं बाहेरच्या बायांसाठी असते. त्यावर आणखी काय बोलणार!

"मंग ऑपरेशनच करून टाका," बबिता म्हणाली. "दारव्ह्याले शिबिर हाय बाजाराच्या दिवशी. सही तुमचीच लागते, नवऱ्याची लागत नाही. कोनीतरी बाई संगं पाहिजे, परत आनाले."

ओट्यावर विजयमालाबाईंचा खोकला ऐकू आला आणि बबिता चालू लागली.

न्हाऊन घरात गेली त्याच दिवशी अंजूला सोयाबीन सोंगायला जावं लागलं. वावरात बायांची पात लागली होती. विळे खसाखसा चालत होते, वाळल्या शेंगा बोटांना टोचत होत्या, आणि मालकीण सासू घरी राहिल्यामुळे बायांच्या तोंडाला ऊत आला होता. सगळ्यांत पुढे तांड्याची लालीबाई होती. पन्नाशीची, हाडानं काटक, तोंडानं फाटकी. पहिल्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागेपर्यंत विषय ऑपरेशनावर आला, कारण एकीची सून नुकतीच करून आली होती.

"तिले दोन पोरं झाले, तिचं काय!" दुसरी म्हणाली. "पोरगा झाला का ऑपरेशन. पोरगी झाली का अजून एक डाव."

"माह्या चार डाव झाले असेच. चौथ्याले लागला."

"मी तं ते इंजेक्शन घेत नाही बाप्पा. आंग सुजते मने. गर्भाचा कोठा वाळून जाते."

"वाळू दे की! कोनते पेरे कराचे हायेत आता?"

हशा झाला. एक नवी पोरसवदा सून हळूच म्हणाली, "पर मानसं काहून नाही करून घेत? त्याईचं तं सोपं असते मने."

"मानसाची ताकत जाते ना वं."

"कोनती ताकत?" लालीबाईनं कंबर सरळ केली. "बाजेवरून उठाची?"

बाया हसून हसून खाली बसल्या. अंजूही हसली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते घामासारखं पुसून टाकता आलं.

"मी तं कोनालेच इचारलं नाही," लालीबाई विळा चालवत बोलली. "दोन झाले, सिधी गेली, करून आली. माह्या नवऱ्याले, हरिसिंगले, सांगतलं, पोटात गाठ होती मने, काढली. थो बिचारा महिनाभर मले दूध पाजत होता."

दुपारच्या सुट्टीत बाया बोरीखाली पांगल्या तेव्हा अंजू लालीबाईच्या बाजूला जाऊन बसली. काय बोलायचं ते तिनं मनात जुळवून ठेवलं होतं, पण तोंडातून एवढंच निघालं, "लालीबाई, मले पन गाठ काढाची हाय."

लालीबाईनं भाकरीचा तुकडा परत फडक्यात ठेवला.

"बाजाराच्या दिवशी," ती म्हणाली. "जिपात भेटजो."

दारव्ह्याला जायला बहाणा सापडला. सोनूच्या अंगावर गांधी उठल्या होत्या, तिला दाखवून आणते, असं अंजूनं सांगितलं आणि पोरीला काखेत मारून निघाली. शिबिराच्या मांडवात बायांची गर्दी होती. कुणाबरोबर आई, कुणाबरोबर नणंद, कुणाबरोबर लोळणारं तान्हं पोर. अंजूनं नाव सांगितलं, अंगठ्याची शाई नको म्हणून ठसठशीत सही केली आणि रांगेत बसली. मनात एक हलकेपणा होता. संध्याकाळपर्यंत सगळं संपून जाईल. मग सासूनं मारलं तरी चालेल, नवऱ्यानं टाकलं तरी चालेल. मरण तर टळेल.

बोटाला सुई टोचली. नळीतल्या रक्ताकडे पाहून पोरसवदा नर्सनं दुसऱ्या नर्सला हाक मारली. तिनं अंजूच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली.

"तुमचं नाही होणार."

"काहून?"

"रक्तच नाही अंगात. सहा पण नाही भरत. या लोहाच्या गोळ्या खा, पालेभाजी, गूळ-शेंगदाणे खा, आणि पुढच्या शिबिराला या."

"बाई, मले तेवढा वेळ नाही." अंजूनं तिचा हात धरला. "मले दिवस गेले तं मी मरतो. यवतमाळच्या डॉक्टरनं सांगतलं हाय."

नर्स थकलेली होती. सकाळपासून तिनं पाणीसुद्धा घेतलं नसावं. "अहो, म्हणून आत्ता टेबलवर घेऊन मारू का?" ती म्हणाली आणि मग आवाज उतरवून, "घरी मिस्टरांना समजावून सांगा ना," असं म्हणून पुढच्या बाईकडे वळली.

मिस्टरांना समजावून सांगा! लालीबाईनं मांडवाबाहेर येऊन पचकन थुंकलं. मग तिनं बाजारातून मेथीच्या दोन जुड्या आणि गुळाची ढेप घेऊन अंजूच्या पिशवीत कोंबली. परतीच्या जिपात सोनू गूळ चाटत खिडकीतून बघत राहिली.

अंजूनं मिस्टरांना समजावूनही सांगितलं. राजदीप काही दुष्ट माणूस नव्हता. दारू नाही, हात उचलणं नाही, लेकींना बाजारातून पेढा आणल्याशिवाय राहत नसे. दुपारी वावरात, कपाशीच्या धुऱ्यावर, तो पंप धूत बसला होता तेव्हा ती त्याच्यासमोर उभी राहिली.

"आयकता का, तुमाले डॉक्टरीणबाईनं काय सांगतलं होतं?"

तो पंपाच्या नळीत फुंकत राहिला. "सांगतलं होतं काही तरी."

"मी मरीन म्हनून सांगतलं होतं."

"मरत नसते कोनी असं. आता दवाखाने काय पहिल्यासारखे हायेत का?" त्यानं नळी झटकली. "एक डाव अजून पाहू, अंजे. पोरगा झाला का मी सोता तुले ऑपरेशनले नेतो. आईची शपथ."

"अन् दोन पोरी झाल्या तवा पन तुमी हेच..."

"एकच डाव," तो म्हणाला आणि तिच्या पाठीवर थोपटून पंप घेऊन विहिरीकडे गेला. आपण बायकोची समजूत घातली असंच त्याला वाटलं असणार. अंजू धुऱ्यावर बसून राहिली. तिला राग आला नाही, नुसती भीती वाटली. त्या दिवसापासून ती सोनूला दोघांच्या मध्ये झोपवू लागली, आणि राजदीप रोज सोनूला उचलून भिंतीकडे ठेवू लागला. पोटात दुखते, डोकं दुखते, अशी कारणं किती दिवस पुरणार!

एवढ्यात कापूस फुटला. पहिल्या वेचणीआधी वावरात सीतादही करायचा, हा घरचा रिवाज. कपाशीचं भरलेलं झाड बघून त्याच्या बुडाशी चुना लावलेले खडे मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, पहिल्या बोंडाचा कापूस ओढून झाडाझाडांना गुंडाळायचा आणि दहीभात वावरात चौफेर शिंपायचा. हे काम घरच्या सुनेचं. विजयमालाबाई मागे उभ्या राहून सांगणार आणि सून करणार. या महिन्याचंही नाटक करून अंजू पाच-सात दिवसांपूर्वीच पडवीतून उठून न्हाली होती, म्हणजे आता ती अगदी स्वच्छ, सोवळी. नवं लुगडं नेसून, डोक्यावरून पदर घेऊन ती वाकली आणि खडे मांडू लागली.

इंजेक्शनची मुदत संपली होती. बबितानं बजावलं होतं, की जोर कमी झाला की कधीही अंगावर जाईल, त्याचा नेम नसतो. पण त्या वेळी अंजूच्या ध्यानात फक्त कंबर दुखत असल्याचं आलं. दहीभाताची परात उचलून ती झाडांच्या ओळीत शिरली आणि मागून विजयमालाबाईंचा आवाज आला.

"थांब."

त्या आवाजानं मजूर बायाही थांबल्या.

"परात खाली ठेव. मांगं पाह्य."

अंजूनं मागे हात नेला. लुगडं ओलं लागलं.

विजयमालाबाईंनी जवळ येऊन तिचा दंड धरला आणि तिला ओढत तुरीच्या ओळींमध्ये नेलं. त्यांच्या ध्यानात विटाळ राहिला नव्हता. "तू तं आत्ताच उठली ना बाहेरून? मंग हे काय?" त्यांचा आवाज एकदम उतरला. "पोटात होतं का काही? काही घेतलं का तू? पाडलं का पोरगं?"

हो म्हणणं सोपं होतं आणि नाही म्हणून आणखी एक खोटं रचणंही सोपं होतं. पण अंजू थकली होती. दर महिन्याला भिजवलेल्या त्या कोरड्या फडक्यांनीच ती जास्त थकली होती.

"पोटात काहीच नव्हतं," ती म्हणाली. "मी इंजेक्शन घेतो, आत्याबाई. पाळी येतच नव्हती मले. मी खाली-पिली जाऊन बसत होतो."

विजयमालाबाईंना समजायला वेळ लागला. मग त्यांनी विचारलं ते भलतंच.

"मंग लाडू केले तवा?"

"तवा पन काही नव्हतं."

म्हातारी सरीतच बसली. हात मातीत टेकले. त्यांनी शिवी दिली नाही, हात उचलला नाही. त्या नुसत्या तुरीच्या फुलांकडे बघत राहिल्या, आणि अंजूला त्यांची इतकी कीव आली, की तिला स्वतःचीच लाज वाटली. त्या नसलेल्या पोराचं बारसंदेखील यांनी मनात करून टाकलं असेल.

घरी जे व्हायचं ते झालं. बबिता दुसऱ्या दिवशी आली तेव्हा मारोतराव ओट्यावरून गरजले, "आमच्या दारी पाय ठेवू नको. वंश बुडवाले निंगाली!" अंजूनं एकटीनं शिवाराबाहेर जायचं नाही, असं ठरलं. राजदीप दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी पडवीपासून हातभर अंतरावर उभा राहून म्हणाला, "झालं ते झालं. आता ते इंजेक्शन तं संपलं ना? पाचव्या दिवशी न्हाऊन घरात ये." तो अगदी गोडीनं बोलला. अंजू पोत्यावरच आणखी भिंतीकडे सरकली.

आता ती खरोखर बाहेर बसली होती. इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा पडवीतला तो कोपरा तिला खोटा वाटत नव्हता. इथे कुणी शिवत नव्हतं. गोठ्यात बैल रवंथ करत होते, रात्री थंडी पोत्यातून वर चढत होती, आणि इथे नवरा येऊ शकत नव्हता. एवढी एकच जागा होती.

पाचव्या दिवशी विजयमालाबाईंनी चुलीवर पाणी तापवलं, वाफाळती बादली अंगणाच्या मध्यावर आणून ठेवली आणि विचारलं, "थांबलं?"

थांबलं होतं. आदल्या दिवशीच थांबलं होतं.

"नाही," अंजू म्हणाली.

विजयमालाबाईंनी बादली परत नेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आणली. "थांबलं?" "नाही." तिसऱ्या दिवशीही तेच. पुढे हे रोजचंच झालं. कापसाची पहिली वेचणी तिच्याशिवाय उरकली, दुसरीही उरकली. मार्गशीर्षाची थंडी पडली. गूळ आणि लोहाच्या गोळ्या घरातच फडताळात राहिल्या. ओट्यावरून सोनू आधी रडायची, मग नुसती बघायची, आणि एके दिवशी आईकडे न बघताच खेळायला निघून गेली. त्या दिवशी अंजूनं पोत्यात तोंड दाबून घेतलं.

मग एका सकाळी विजयमालाबाई बादली न घेताच आल्या. ओट्याशी थांबल्या नाहीत, अंगण ओलांडून सरळ कुंपणाजवळ गेल्या. तिथे फडकी वाळत होती. ज्या बाईनं जन्मभर बाहेर बसलेलीची सावली अंगावर पडू दिली नाही, तिनं ती फडकी हातात घेतली, उलटून पाहिली, उजेडात धरली. फडकी स्वच्छ होती.

अंजू उठून उभी राहिली. आता काही सांगण्यासारखं उरलं नव्हतं. अंगणाच्या टोकाला राजदीप दातवण चावत होता. त्यानं विचारलं, "काय वं माय, झालं का तिचं?"

विजयमालाबाईंनी फडकी कुंपणावर परत टाकली.

"नाही," त्या म्हणाल्या. "चालूच हाय अजून."

राजदीप पचकन थुंकून वावराकडे निघाला. तो वळणाआड गेल्यावर म्हातारी सुनेकडे न बघता बोलली, "संक्रांतीपर्यंत. मंग तुह्या सासऱ्याले सांगते मी. मंग नाही सांभाळत."

"आत्याबाई," अंजूनं विचारलं, "तुमची पाळी कवा गेली होती?"

"चाळिशी उलटल्यावर. नारळ फोडला होता मी त्या दिवशी."

अंजूला सव्विसावं लागलं होतं. विजयमालाबाई पडवीच्या कडेला आल्या, खांद्यावरची घोंगडी काढून लांबूनच आत टाकली आणि घरात गेल्या.

शाळेची वेळ झाली होती. अर्पिता फणी घेऊन अंगणाच्या मध्यावर, जिथे रोज बादली ठेवली जायची तिथे येऊन उभी राहिली. आजीला वेणी घट्ट घालता येत नाही, अशी तिची तक्रार होती.

"तिथूनच सांग ना आई," ती म्हणाली. "मी घालतो."

"आधी मधातून भांग पाड," अंजू घोंगडी पांघरून म्हणाली. "नाही, तसा नाही, इकडून. हां. आता तीन पेड कर. घट्ट धर बाई, घट्ट."

पोरीनं मान तिरकी करून पेड घातले. भांग वाकडा गेला होता, आणि अंजूचे हात घोंगडीच्या आत आपोआप हलत होते.